गांडूळ खत म्हणून कचरा घेतला

पुरंदरला आमची दीड एकर पालेभाजी. रासायनिक खत बंद करून सहा वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात शेणखत कमी पडलं, तेव्हा ओळखीतून एक जण दारात आला. "ताई, शुद्ध शेणावरचं गांडूळ खत आहे, लॅबचा रिपोर्टही आहे." भाव फक्त साडेपाच रुपये किलो, इतकं स्वस्त. तिथंच खटकायला हवं होतं. दोन टन उतरवून घेतलं. पक्कं बिल नको म्हटलं, तेवढेच पैसे वाचतील म्हणून. हे माझंच शहाणपण.

रिपोर्टमध्ये नत्र, स्फुरद, पालाश, सेंद्रिय कर्ब, सामू, सगळं झकास होतं. शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल या विषारी जड धातूंचे रकानेच नव्हते आणि ते माझ्या डोक्यातही आलं नाही. केंद्र सरकारच्या खत नियंत्रण आदेशात गांडूळ खतासाठी या चारही धातूंच्या मर्यादा आहेत. किलोमागे शिसं 100 मिलिग्रॅम, कॅडमियम 5.

सहा गुंठ्यांत टाकून पालक पेरला. पंधराव्या दिवशी खुरपताना सासूबाईंच्या बोटात काच घुसली. उरलेलं खत चाळलं तर बांगडीचे तुकडे, शाम्पूच्या पुड्या आणि पेन्सिल सेलची गंजकी टोपी निघाली. शहरातला मिसळलेला कचरा कुजवून वर मूठभर गांडूळ खत भुरभुरवलं होतं, दुसरं काय!

मग स्वतः तपासून घेतलं. शिसं 187. कॅडमियम 3.8, म्हणजे आपल्याकडे पास. युरोपात सेंद्रिय शेतीला घरगुती कचऱ्याचं कंपोस्ट चालतं ते 0.7 पर्यंतच.

त्याला फोन केला तर म्हणाला, "ताई, मातीत सगळं विरतं." धातू कसला विरतोय? कचरा कुजून आटतो, धातू तेवढाच राहतो, म्हणून किलोमागचं प्रमाण उलट वाढतं. गांडुळंही तो संपवत नाहीत, अंगात साठवतात. त्यात पालकासारखी पालेभाजी कॅडमियम चटकन ओढते. त्यानंतर फोन लागलाच नाही.

खत निरीक्षकांकडे गेले. त्यांनी बिल, बॅच नंबर आणि शिवलेलं पोतं मागितलं. माझ्याकडे होती कोरी पांढरी पोती, तोंडाला सुतळी.

पालक उपटून टाकला, नेहमीच्या गिऱ्हाइकांना खरं कारण सांगितलं. दोघींनी भाजी घेणं थांबवलं. त्या सहा गुंठ्यांत यंदा दसऱ्यासाठी झेंडू लावलाय. उरलेली पोती बांधावर ताडपत्रीखाली तशीच पडून आहेत. टाकायची कुठं, तेच कळत नाही.