संगीत नाटकाचा कच्चा खर्डा: वाचावा की गाऊन दाखवावा?

रत्नागिरीत आम्ही लिहिती मंडळी नवे संगीत नाटक पुरे होण्याआधीच एकमेकांसमोर ठेवतो, आणि त्याचे दोन मार्ग आहेत. पहिला संपूर्ण संहितेच्या वाचनाचा; त्यात कथानकाचे सांधे आणि प्रवेशांची लांबी चटकन उघडी पडते, मात्र पद नुसते वाचले की ते कविता म्हणून आवडते आणि त्याचे दोष झाकले जातात. दुसरा मार्ग एकच अंक पेटी-तबल्यावर गाऊन दाखवण्याचा. गेल्या पावसाळ्यात, कौलांवर सरी कोसळत असताना, माझ्या एका पदाची ओळ समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना ‘इ’कारावर अडकली, गायिकेला तानेसाठी स्वर मोकळा मिळेना, आणि मी तिथेच शेवटचा शब्द बदलून ‘आ’कारान्त घेतला, वाचनात हे कधीच कळले नसते. अपुरे नाटक दाखवण्यात कमीपणाही नाही: अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’चे पहिले चारच अंक रंगभूमीवर आणले होते. तरीही गोड गळा ढिसाळ प्रवेशालाही तारून नेतो, याचे भान गटाने ठेवलेच पाहिजे. म्हणून पहिला खर्डा मी वाचूनच दाखवतो. पदे दुसऱ्या बैठकीपासून, आणि तीही शक्यतो दुसऱ्याच्या गळ्यातून.