ईआर३२ चा अठरा पीसचा कॉलेट सेट, दीड वर्ष वापरून झाल्यावर

भोसरीत आमचं छोटं जॉब शॉप आहे (गिऱ्हाइकांचे जॉब, म्हणजे धातूचे भाग, कापून देतो), एक एमवनटीआर मिलिंग मशीन आहे आयएसओ४० स्पिंडलचं आणि एक लहान व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन, बीटी४० चं (आयएसओ४०, बीटी४० ही कटर फिरवणाऱ्या स्पिंडलच्या तोंडाची मापं). कॉलेट म्हणजे चिरा पाडलेली निमुळती नळी, ती चकात बसते, वरून नट आवळला की मिटते आणि आतल्या कटरला पकडते; ईआर३२ हा तिचा साइज. दोन्हीकडे ईआर३२ चे कॉलेट चक लावलेत म्हणजे कॉलेट इकडचे तिकडे चालतात. दीड वर्षापूर्वी मी ३ ते २० मिमीचा अठरा पीसचा सेट ऑनलाइन मागवला, ब्रँड वगैरे काही नाही, लाकडी ठोकळ्यात छान मांडून आला, किंमत बघून वाटलं एका फटक्यात सगळे साइज झाले. आज सांगतो, असा सेट घेऊ नका, तेवढ्याच पैशात मोजके चार-पाच पण चांगले कॉलेट घ्या.

कारण सांगतो. सेट आला तेव्हा मी सरळ वापरायला काढला, चेक केलंच नाही, ही चूक माझी. दोन महिन्यांनी पी२० स्टीलच्या ब्लॉकमध्ये १२ मिमीच्या कार्बाइड एंडमिलने (टोकाने आणि बाजूने कापणारा कटर) स्लॉट मारत होतो, खोली ६ मिमी ठेवलेली, आवाज थोडा बदलला एवढंच कळलं, आणि जॉब काढून मोजला तर शेवटाकडे स्लॉट ६.४ खोल. कटर कॉलेटमधून खाली सरकला होता. एंडमिलची हेलिक्स, म्हणजे दातांचा पीळ, कटरला जॉबमध्ये खाली ओढते, पकड कमी पडली की तो हळूहळू उतरतच राहतो आणि वरून बघून काही कळत नाही. मटेरियल पार्टीचं होतं, ब्लॉक भरून द्यावा लागला, तो दिवस अजून डोक्यातून जात नाही.

मग बसून सगळे कॉलेट तपासले. टेस्ट पिन (अचूक मापाची गोल सळई) पकडायची, १० च्या पिनला नटच्या तोंडापासून २५ मिमीवर डायल (बारीक हालचाल दाखवणारं मापयंत्र) लावायचा आणि स्पिंडल हाताने फिरवायचा. १० चा कॉलेट ४० मायक्रॉन आउट निघाला, म्हणजे फिरताना पिन तेवढी डोलत होती, १२ चा जवळपास ५०, आणि गंमत म्हणजे ७ चा आणि १५ चा एकदम सरळ, जे आम्ही कधी वापरतच नाही. आता ४ फ्ल्यूटच्या (४ दातांच्या) कटरला दर दाताला ३०-४० मायक्रॉनचं फीड देतो आपण, त्यात कटरच एवढा आउट फिरत असेल तर एक-दोन दातच सगळं काम करणार, बाकीचे नुसते फिरणार, मग कटर लवकर बोथट होतो आणि फिनिशवर रेघा येतात. आम्ही इतके दिवस कटरच्या कंपनीला दोष देत होतो.

अजून एक बघा, कटर काढल्यावर त्याची शँक, म्हणजे कॉलेटमध्ये धरायचा दांडा, नीट न्याहाळा. आमच्या १२ च्या शँकवर फक्त तोंडाशी एक तपकिरी कडं पडलेलं, बाकी शँक चकचकीत. म्हणजे कॉलेट फक्त पुढच्या कडेवर पकडत होता, आतून मोकळा. शँक अर्धवट आत घालून आवळलं की कॉलेटचं तोंड असंच पसरतं. शँक निदान दोन तृतीयांश लांबी भरेल एवढी आत गेलीच पाहिजे.

ईआर सिस्टीम स्वतः मात्र उत्तम आहे, १९७० च्या दशकात स्वित्झर्लंडच्या रेगो-फिक्सने काढली आणि आज जगभर चालते. आठ डिग्रीचा टेपर (निमुळता भाग), आणि एक कॉलेट साधारण १ मिमी मिटतो, म्हणजे १३ चा कॉलेट १३ ते १२ धरतो, त्यामुळे अर्धा इंची, १२.७ चा कटरही त्यात बसतो. आर८ (स्पिंडलचा आणखी एक प्रकार) स्पिंडलवाल्यांना हे सुख नाही, तिथे कॉलेट जेमतेम मिटतो म्हणून मिमीला वेगळा आणि इंचीला वेगळा घ्यावा लागतो, पण तो थेट स्पिंडलमध्ये बसतो म्हणून टूल कमी लोंबतं, हा त्याचा फायदा. आणि हो, १ मिमी मिटतो म्हणून मुद्दाम लहान शँक घालू नका, १२ च्या शँकला १२ चाच कॉलेट.

आता सगळ्यात महत्त्वाचं, नट. आमच्याकडे नवीन आलेला पोरगा कॉलेट आधी चकात टाकायचा आणि वरून नट फिरवायचा. तसं नाही करायचं. कॉलेट थोडा तिरका धरून नटच्या आतल्या कड्यात टक् आवाज होईपर्यंत बसवायचा, मग कटर घालायचा, मग चकाला लावायचं. नट सोडताना तेच कडं कॉलेटला बाहेर खेचतं, नाहीतर तो टेपरमध्ये अडकून बसतो आणि आवळताना वाकडाही बसतो. सेटबरोबर आलेल्या नटचं कडंच ओबडधोबड होतं, ते बदलल्यावर तोच १० चा कॉलेट ४० वरून २५ मायक्रॉनवर आला, दुसरं काहीही न करता.

आवळायचं किती? ईआर३२ ला कंपन्यांच्या तक्त्यात साधारण १३६ न्यूटन-मीटर असतो, आपण सी-स्पॅनरने (आकड्यासारख्या पान्याने) आवळतो ते बहुतेक वेळा त्याच्या जवळपासही नसतं. टॉर्क रेंच (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) घेतला आम्ही, महाग वाटला पण त्या एका ब्लॉकपेक्षा स्वस्तच. आवळण्याआधी कॉलेटच्या चिरा ब्रशने झाडा, केसाएवढी चिप अडकली तरी डायल लगेच सांगतो. टेपर आणि शँक कोरडी पुसायची, तेलाचा हात फक्त नटच्या आट्यांना.

सध्या आम्ही ६, ८, १०, १२ आणि १६ असे पाच चांगल्या कंपनीचे कॉलेट घेतलेत, १० मायक्रॉनच्या आत येतात, आणि नट बेअरिंगचा. ईआर३२ च्या नटचा व्यास ५० मिमी असतो, खोल पॉकेटमध्ये भिंतीला घासतो, म्हणून ६ पर्यंतच्या कटरसाठी एक ईआर१६ चा लांब चकही घेतलाय, त्याचा नट ३२ मिमी व्यासाचाच. जाड रफिंगला (भरपूर माल काढायच्या कामाला) मात्र शँकवर फ्लॅट, म्हणजे सपाट काप, असलेला कटर साइड-लॉक होल्डरमध्येच (बाजूच्या स्क्रूने आवळायचा होल्डर), तिथे कॉलेटचा हट्ट नको.

जुना सेट फेकला नाही, ड्रिल धरायला ठेवलाय, त्यातला १२ चा कॉलेट मात्र मी स्वतः ग्राइंडरवर कापून टाकला, चुकून कोणी परत एंडमिलला लावू नये म्हणून.