वर्गातला टीव्ही: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मागच्या जुलैत आमच्या जिल्हा परिषद शाळेत 43 इंची टीव्ही लागला. नारळ फुटला, पेढे वाटले आणि पहिल्याच दिवशी पोट्ट्यांनी दोन तास कार्टून पाहिलं. दुसऱ्या कुणी नाही, मीच लावून दिलं होतं. आता फेब्रुवारी संपत आलाय. केळापूर तालुक्यातल्या दोन शाळांनी “मॅडम, घ्यावा का?” असं विचारलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

टीव्ही लोकवर्गणीचा, 24,000 रुपयांचा. लॅपटॉप गावच्या एका माजी विद्यार्थ्यानं दिलेला, जुना पण चालू. लॅपटॉप टीव्हीला जोडायची एक लांब एचडीएमआय केबल आणि बिनवायरचा माऊस मी माझ्या पैशानं घेतला. सप्टेंबरपर्यंत इन्व्हर्टर नव्हता, आणि ते अडीच महिने म्हणजे नुसती करमणूक. पाऊस आला की लाईन गेली, आभाळ गडगडलं की मीच प्लग काढायची, आणि दोन्ही सुरळीत असलं तर व्होल्टेज नाही. इन्व्हर्टर आल्यावर आठवीला हिशेबच करायला दिला: 12 व्होल्टची 150 एएच (अँपिअर-तास) बॅटरी, म्हणजे कागदावर 1,800 वॅट-तास. टीव्ही 80 वॅट धरा, लॅपटॉप 50. म्हणजे तेरा-चौदा तास. खरं तर इन्व्हर्टर स्वतःही थोडं खातो, बॅटरी तळापर्यंत ओढायची नसते, म्हणून निम्मेच धरायचे. शाळेला तेवढे पुष्कळ झाले.

टीव्हीसोबत दुकानदारानं ‘पूर्ण अभ्यासक्रम’ म्हणून एक पेनड्राइव्ह गळ्यात मारला होता. तो सुरू करायला इंटरनेट लागतं, हे घरी आल्यावर कळलं. आमच्याकडे रेंज पाण्याच्या टाकीवर चढल्यावर येते. फोन केला तर “करून देतो ना मॅडम” एवढंच. पेनड्राइव्ह अजून कपाटात आहे. त्यापेक्षा सरकारचं फुकटचं दीक्षा ॲप बरं, त्यात धड्यांचे व्हिडिओ असतात. ते 2017 पासून आहे, बालभारतीच्या पुस्तकांवरचे क्यूआर कोड त्यालाच जोडलेले. शनिवारी पांढरकवड्याला घरी गेले की पुढच्या आठवड्याचे धडे मोबाइलमध्ये उतरवून घेते, मग नेट नसलं तरी चालतं.

पण व्हिडिओबद्दल माझं मत आता साफ बदललंय. व्हिडिओ लागला की वर्ग शांत होतो, आणि त्या शांततेला आपण शिकणं समजतो. ऑक्टोबरमध्ये पचनसंस्थेचा बारा मिनिटांचा सुंदर व्हिडिओ दाखवला. दुसऱ्या दिवशी विचारलं, जठरातून अन्न कुठं जातं? वर्ग चिडीचूप. एकाला व्हिडिओतल्या माणसाची टोपी मात्र आठवत होती. तेव्हापासून तीन मिनिटांवर काही लावत नाही, आवाज बंद ठेवते आणि मधेच थांबवून “आता पुढं काय होईल?” विचारते.

खरी किंमत वसूल झाली ती दोन गोष्टींत. पहिली फेट (PhET), म्हणजे विज्ञानाचे प्रयोग पडद्यावर करून बघायचं फुकट साधन. कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वीमन या नोबेल मिळालेल्या भौतिकशास्त्रज्ञानं 2002 साली सुरू केलेला हा प्रकल्प. त्यातले प्रयोग एकेका फाइलमध्ये उतरवून घेता येतात, नेटशिवाय चालतात, काही मराठीतही आहेत. आठवीला धाराविद्युत शिकवताना माऊस सरळ पोरांच्या हातात दिला. बॅटरी, वायर, बल्ब जोडायचा. चौथ्या मिनिटाला शेवटच्या बाकावरच्यानं बल्ब वगळून वायर थेट बॅटरीच्या दोन टोकांना लावली आणि पडद्यावर ज्वाळा! “मॅडम, जळ्ळं!” अख्खा वर्ग उभा. त्यानंतर प्रत्येकाला फक्त आग लावायची होती. लावू दिली.

मग टॉर्चचा खरा सेल काढला आणि तसंच करायला सांगितलं. वायर लावून तो पोरगा वाट पाहत बसला. “काहून जळत नाही हा?” मग सेल गालाला लावून म्हणाला, “गरम होऊन रायला मॅडम.” मी लगेच वायर काढायला लावली. सेलच्या आतही रोध, म्हणजे विजेला अडथळा, असतो, पडद्यावरच्या बॅटरीत तो जवळजवळ शून्य धरलेला आहे, हे तेव्हा सांगितलं. तिथंच रोध वाढवायची पट्टी आहे. ती सरकवली तशा ज्वाळा विझल्या. सेलच्या आत रोध असतो, हे पुस्तकातलं एक वाक्य मी अकरा वर्षं नुसतं वाचून दाखवत होते.

दुसरी गोष्ट जिओजेब्रा, म्हणजे भूमितीच्या आकृत्या काढून हलवून बघायचं सॉफ्टवेअर. ऑस्ट्रियातल्या मार्कुस होहेनवार्टर यांनी 2001 मध्ये विद्यार्थी असताना सुरू केलेलं, हेही फुकट. सातवीला त्रिकोण काढून कोपरे ओढायला दिले, कोनांची बेरीज 180 येते का बघा म्हटलं. पाया 2, उंची 2 असा समद्विभुज त्रिकोण काढलेली एक मुलगी वही घेऊन आली: 63.43, 53.13, 63.43. बेरीज 179.99. “मॅडम, पुस्तक चुकलं का मशीन?” खरं सांगते, मला क्षणभर काही सुचेना. मग कळलं, दोन दशांश स्थळांपुढचं यंत्र दाखवत नाही, ते छाटलेलं तीन ठिकाणी मिळून हरवतं. चार स्थळं दाखवायला लावलं: 63.4349, 53.1301, 63.4349. आता बेरीज 179.9999. ती म्हणाली, “अजून पुढं न्या.” तास संपला तरी उठेना.

पहिलीचं मात्र वेगळंच आहे. आमच्या पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची, लेकरं घरी कोलामी बोलतात. टीव्हीवरची बाई जे मराठी बोलते ते त्यांना माझ्यापेक्षाही परकं. वर्गात एकीची आजी येऊन गोष्ट सांगते, ती मोबाइलवर ध्वनिमुद्रित केली आणि मुलांनी काढलेल्या चित्रांवर बसवली. आठवीच्या दोन मुलांनी बसवली खरं तर, मी फक्त चहा पाजला. पहिलीची लेकरं आता टीव्हीकडे बोट दाखवून “आजी लावा” म्हणतात.

तक्रारी. दुपारनंतर पश्चिमेच्या खिडकीतून ऊन पडतं आणि पडद्यावर फक्त आपलं तोंड दिसतं. कापसाच्या पोत्याचा पडदा शिवून लावला. एचडीएमआय केबल डिसेंबरात उंदरानं कुरतडली. दिवाळीनंतर कापूस वेचणीला निम्मा वर्ग वावरात असतो, तेव्हा टीव्ही असो की नसो, हजेरीवर फरक पडला नाही. ज्यांनी “टीव्ही लावा, पोरं येतील” असं सांगितलं होतं, त्यांनी हे वाचावं.

घ्यायचाच असेल तर टीव्ही 32 इंची घेतला तरी चालेल, पैसे आधी इन्व्हर्टरला ठेवा. एक माऊस एकोणीस पोरांत पुरत नाही, भांडणं होतात, दोन घ्या. आणि बॅटरीत पाणी कुणी बघायचं ते ठरवून ठेवा. आमच्याकडे ते काम सातवीच्या त्याच मुलीकडे आहे, वहीत तारीख टाकून ठेवते.