साधं प्लास्टर की फायबरचं?

हात मोडला, एक्स-रे झाला, आणि आता डॉक्टर आई-बाबांना विचारतायत, "साधं घालू की फायबरचं?" आधी एक समजून घे: हाड प्लास्टर जोडत नाही, तुझं शरीर जोडतं. प्लास्टर फक्त मोडलेली टोकं हलू देत नाही. मनगटाजवळचं हाड मुलांमध्ये साधारण चार ते सहा आठवड्यांत धरतं, प्लास्टर कुठलंही असो.

पहिले काही दिवस सूज असते, म्हणून कच्चं प्लास्टर: एका बाजूला पट्टी, वरून क्रेप बँडेज. निवड करायची ती सूज उतरल्यावर, पक्क्याच्या वेळी.

साधं प्लास्टर स्वस्त, आणि ओलं असताना डॉक्टरांना हाताच्या अचूक आकारात दाबून बसवता येतं. सरकलेलं हाड जागेवर आणलं असेल, तर हा मोठा गुण. तेव्हा डॉक्टर साधंच म्हणाले तर फायबरचा हट्ट नको. पण पूर्ण वाळायला एक-दोन दिवस लागतात. तोवर बोटांनी दाबलंस तर खळगा पडतो आणि तो आतून टोचत राहतो.

फायबर हलकं, अर्ध्या तासात कडक.

तरी माझा कौल ठरला तो तळहाताकडच्या कडेवरून. कोल्हापुरात पाऊस लागला की छत्री, दप्तर, ओली रिक्षा; अंगठ्याजवळची कड भिजणारच. साध्या प्लास्टरची कड मग मऊ पडते, तिचा भुगा होतो आणि तो आत घरंगळतो. खाज सुटते, हातात फूटपट्टी येते, कातडी सोलते, आत जखम होऊन वास येऊ लागतो. फायबरचा भुगा होत नाही. त्याची कड खरखरीत असते खरी, म्हणून आतलं मऊ कापड कडेवर उलटून घ्यायला सांग.

पावसाळ्यात, हाड न सरकलेलं असेल, तर मी फायबरच घेईन. मात्र ते घालून रंकाळ्यात उतरायचं नाही: आतला कापूस भिजला की लवकर वाळत नाही. आंघोळीला हात पिशवीत बांधून पाण्याबाहेर धर.

बोटं निळी, गार किंवा बधिर झाली, दुखणं वाढतच गेलं, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा, प्लास्टर कुठलंही असो.

काढायचं कटर आवाजाला भीतीदायक, पण त्याचं पातं गरगर फिरत नाही, थरथरतं. फायबर कापताना ते तापतं मात्र. चटका जाणवला तर लगेच सांग, डॉक्टर थांबतात.