राउटर चालू होईना म्हणून फोन केला आणि ६८,४९८ रुपये गेले

जूनमधल्या वादळात वीज कडाडली आणि आमचा जुना राउटर जळला. मी सांगलीत घरून जीएसटीचं काम करते. तारीख १९ होती आणि दुसऱ्या दिवशी ३बी, म्हणजे जीएसटीचं दर महिन्याचं रिटर्न, भरायची शेवटची मुदत. पाच दुकानदारांची रिटर्न्स बाकी होती. संध्याकाळीच नवा राउटर आणला. माझी त्या वेळची घाई तुम्हाला कळावी म्हणून हे आधी सांगते, कारण फसवणाऱ्याने तीच वापरली.

वायर जोडली. पॉवरचा दिवा हिरवा, वायफायचा हिरवा, पण इंटरनेटचा दिवा नारिंगीच. मोबाइलवर वायफाय जोडलं जायचं आणि खाली ‘इंटरनेट नाही’ असं यायचं. दोनदा बंद-चालू केला, मागच्या बारीक भोकात टाचणी घालून रीसेटही केला, तरी काही फरक पडला नाही. मग मोबाइल डेटावर राउटरच्या कंपनीच्या नावापुढे ‘कस्टमर केअर नंबर’ लिहून शोधलं. सगळ्यात वर जो नंबर आला त्यावर फोन लावला. त्या ओळीवर ‘प्रायोजित’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, ते मी वाचलंच नाही. खोक्यावर कंपनीचा नंबर छापलेला होता, पण खोका मी आधीच माळ्यावर टाकला होता.

एक रिंग वाजून फोन कट झाला. दोन मिनिटांत एका साध्या मोबाइल नंबरवरून उलट फोन आला. माणूस हिंदीत, अगदी अदबीने बोलत होता. राउटरचं मॉडेल विचारलं, दिवे विचारले. उत्तरं ऐकून म्हणाला, “मॅडम, आपका डिवाइस सर्व्हर पर रजिस्टर नहीं हुआ है.” मला ते पटलं. नवी वस्तू आहे, नोंदणी राहिली असेल, असं वाटलं.

त्याने एक अ‍ॅप घ्यायला लावलं, त्यात दिसणारा आकडा वाचून घेतला आणि येईल त्या प्रत्येक परवानगीला ‘हो’ म्हणायला सांगितलं. त्या क्षणापासून माझा मोबाइल त्याच्याही हातात होता. मग एक लिंक आली. वर कंपनीचं चिन्ह, खाली अर्ज आणि नोंदणी शुल्क फक्त १० रुपये. कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे असं सगळं मी स्वतःच्या हाताने भरलं. तो म्हणाला, पेमेंट फेल झालं, दुसऱ्या बँकेचं कार्ड आहे का? मी तेही भरलं.

यापुढचं मला सगळ्यात जास्त लागलं. तो म्हणाला, “अब फोन स्पीकर पर रखके उल्टा रख दीजिए, स्क्रीन को हाथ मत लगाइए. राउटर के सामने बैठिए और कौन सी बत्ती बदलती है, बताते रहिए.” मी राउटरसमोर बसून नारिंगी दिवा बघत राहिले. टेबलावर मोबाइल थरथरत होता. मला वाटलं, नोंदणीचे मेसेज येत असतील. ते बँकांचे ओटीपी होते आणि प्रत्येकात रक्कम स्पष्ट लिहिलेली होती. पहिल्या कार्डावरून २४,९९९ दोनदा, दुसऱ्यावरून १८,५०० गेले.

दहावीतला मुलगा पाणी प्यायला आला, त्याने मोबाइल उचलला आणि म्हणाला, “आई, पैसे गेलेत.” आम्ही लगेच फ्लाइट मोड लावला. मिस्टरांच्या फोनवरून १९३० ला, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला, तिसऱ्या वेळी लागला. तिथे व्यवहाराचा क्रमांक, वेळ, बँक, रक्कम एवढं विचारतात, ते मेसेजमधून वाचून दाखवलं. मग दोन्ही बँकांत कार्डं बंद केली आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार पूर्ण केली. या धावपळीमुळे शेवटचे १८,५०० ज्या खात्यात गेले होते तिथेच अडकवता आले. ते न्यायालयाच्या आदेशाने पाच महिन्यांनी परत मिळाले. आधीचे ४९,९९८ तोवर काढले गेले होते.

बँकेने भरपाई नाकारली. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाने स्वतःच्या निष्काळजीपणाने माहिती दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच. कळवल्यानंतर काही गेलं तर ते बँकेचं. म्हणून लाज वाटली, घरात काय म्हणतील असं वाटलं, तरी आधी फोन करा. स्क्रीन दुसऱ्याच्या हाती देणाऱ्या अशा अ‍ॅपबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला इंटरनेट कनेक्शन देणाऱ्या केबलवाल्यांचा मुलगा आला. “ताई, युजरनेम-पासवर्ड कुठे टाकलाय तुम्ही?” त्याने ब्राउझरमध्ये राउटरचं पान उघडलं. मी कनेक्शनचा प्रकार डायनॅमिक आयपी ठेवला होता, त्याने तो पीपीपीओई, म्हणजे युजरनेम-पासवर्डने चालणारा, केला आणि आमचं युजरनेम-पासवर्ड टाकलं. तरी दिवा नारिंगीच राहिला. मग त्याने ऑफिसात फोन करून जुन्या राउटरचा मॅक पत्ता, म्हणजे त्या यंत्राचा ओळख क्रमांक, त्यांच्या नोंदीतून काढायला लावला, कारण आमचं कनेक्शन त्याच पत्त्याला बांधलेलं होतं. दिवा हिरवा झाला. दहा मिनिटांचं काम, आणि त्याने एक रुपया घेतला नाही. वायफाय दिसतंय पण इंटरनेट येत नाही, तर बहुतेक वेळा अडचण कनेक्शन देणाऱ्याकडच्या माहितीत असते. फायबरच्या डब्यावर एलओएसचा, म्हणजे सिग्नल येत नसल्याचा, लाल दिवा असेल तर वायर तुटलेली किंवा सैल असते, तेही काम त्यांचंच. राउटर बनवणाऱ्या कंपनीकडे ‘सर्व्हर नोंदणी’चे पैसे भरून इंटरनेट सुरू होत नसतं.

पंधरा दिवसांनी आणखी एक फोन आला. सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, फाइल चार्ज २,५०० भरा. माझी रक्कम त्याला बरोबर माहीत होती. मी फोन ठेवला आणि तो नंबर आधीच्या तक्रारीला जोडून दिला.

राउटरच्या पाठीवर आता मी एक कागद चिकटवलाय. त्यावर युजरनेम, केबलवाल्यांचा नंबर आणि १९३० लिहिलंय. परवा शेजारच्या काकूंचा राउटर आला, तेव्हा त्यांच्याकडेही तसाच लिहून दिला आणि दिवा हिरवा होईपर्यंत तिथेच बसले.