ऑक्सिमीटर घ्यावा की स्मार्टवॉच? जन्मजात हृदयदोष असलेल्या किशोरवयीन मुलांच्या घरासाठी परीक्षण

जन्मजात हृदयदोष असलेलं मूल बारा-तेरा वर्षांचं झालं की घरात दोन वस्तूंचा विषय निघतो. आईवडिलांना बोटाला लावायचा ऑक्सिमीटर हवा असतो आणि मुलाला मनगटावर स्मार्टवॉच. दोन्ही वस्तू जिवाला स्वस्थता मिळावी म्हणून घेतल्या जातात, पण बऱ्याच घरांत त्यांच्यामुळेच धास्ती वाढते. म्हणून इथे आकडा किती बरोबर येतो एवढंच पाहिलेलं नाही. यंत्र घरात आल्यावर मूल मोकळं होतं की आणखी आक्रसतं, हेही पाहिलं आहे.

निकाल आधीच सांगतो. ऑक्सिमीटर डॉक्टरांनी सांगितला असेल तर जरूर घ्या, पण वापराचे नियम ठरवूनच. स्मार्टवॉच घड्याळ म्हणून घ्या, हृदयाचं यंत्र म्हणून घेऊ नका. याला एक अपवाद आहे, तो पुढे येईलच.

ऑक्सिमीटर साधारण हजार-दोन हजारांत मिळतो. तो बोटातून लाल आणि इन्फ्रारेड असा दोन प्रकारचा प्रकाश सोडतो आणि दोन्ही किती शोषले गेले यावरून रक्तातल्या ऑक्सिजनचा अंदाज बांधतो. चांगल्या यंत्राच्या माहितीपत्रकावर ७० ते १०० टक्क्यांदरम्यान अधिक-उणे २ अशी अचूकता लिहिलेली असते. ही चाचणी निरोगी प्रौढांवर केलेली असते, हे लक्षात असू द्या. आकडा ८० च्या खाली गेला की चूक वाढते. सावळ्या-काळ्या त्वचेवर यंत्र खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतं, याची सूचना अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०२१ मध्ये दिली होती. आपल्याकडच्या मुलांसाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे. त्यामुळे एका आकड्यावर विसंबू नका, तो रोजच्यापेक्षा किती हलला ते बघा.

खरी अडचण मात्र आपल्या डोक्यात बसलेल्या आकड्याची आहे. करोनाच्या काळात ‘९४ च्या खाली आलं की दवाखाना गाठा’ हे घराघरांत पाठ झालं, आणि ते अजून पुसलेलं नाही. आता ग्लेनची शस्त्रक्रिया (शरीराच्या वरच्या भागातलं अशुद्ध रक्त थेट फुप्फुसांकडे वळवणारी) झालेल्या मुलाचा नेहमीचा आकडाच ७५ ते ८५ च्या आसपास असतो. आयझेनमेंगरच्या, म्हणजे भोक वेळेत बंद न झाल्याने फुप्फुसांतला दाब कायमचा वाढलेल्या, मुलाचा ऐंशीच्या घरात असू शकतो. फाँटननंतर (ग्लेनच्या पुढची, शरीराच्या खालच्या भागातलं रक्तही फुप्फुसांकडे वळवणारी शस्त्रक्रिया) तो बहुधा ९० च्या पुढे जातो, फेनेस्ट्रेशन, म्हणजे मुद्दाम राखलेलं छोटं छिद्र, ठेवलं असेल तर थोडा कमी राहतो. हृदयातलं भोक बंद केलेल्या किंवा टेट्रालॉजी (चार दोष एकत्र असलेला हृदयविकार) पूर्ण दुरुस्त झालेल्या मुलाचा आकडा मात्र इतरांसारखाच, ९५ च्या वर असायला हवा. पाहुणे आले, कुणीतरी गंमत म्हणून मुलीच्या बोटाला क्लिप लावली, ८२ दिसलं आणि ‘अगं बाई, हिला अ‍ॅडमिट करा!’ अशी ओरड झाली, की ते दृश्य त्या मुलीच्या मनात पुढे कितीतरी दिवस राहतं. तिची तब्येत तशीच होती. पण आपलं शरीर लोकांना घाबरवतं, एवढं तिला त्या दिवशी कळलं.

म्हणून यंत्र आणल्यावर पहिलं काम हे. पुढच्या ओपीडीला ते सोबत न्या. तिथल्या मॉनिटरचा प्रोब एका बोटाला आणि आपला ऑक्सिमीटर त्याच हाताच्या दुसऱ्या बोटाला, असे दोन्ही एकाच वेळी लावा आणि किती फरक पडतो ते लिहून ठेवा. मग डॉक्टरांकडून दोन आकडे कागदावर घ्या: या मुलाचा नेहमीचा आकडा कोणता, आणि कोणत्या आकड्याखाली फोन करायचा. तो कागद मुलाकडेच द्या. दाराशी किंवा फ्रिजवर येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा चिकटवू नका.

मोजण्याची रीत सोपी आहे, पण घाईत चुकते. पाच मिनिटं शांत बसायचं. हात गार असतील तर चोळून गरम करायचे. नेलपॉलिश काढायचं, आणि बोटांच्या टोकांवर काळी मेंदी असेल तर बिनमेंदीचं बोट घ्यायचं. हात मांडीवर किंवा टेबलावर स्थिर ठेवायचा आणि क्लिप लावून किमान अर्धा ते एक मिनिट थांबायचं. पडद्यावरची नाडीची पट्टी एका लयीत वरखाली होत असेल तरच आकडा धरायचा. सुरुवातीच्या काही सेकंदांत दिसतो तो आकडा लिहायचा नाही. नेमके घाबरलेले पालक तोच लिहितात. सेल उतरले की प्रकाश मंद होतो, म्हणून ‘ट्रिपल ए’ सेलची एक जोडी घरात असू द्या.

बरीच वर्षं ऑक्सिजन कमी राहिलेल्या मुलांच्या बोटांची टोकं फुगीर होतात आणि नखं बाकदार होतात. अशा बोटावर क्लिप नीट बसत नाही. वरचा दिवा आणि खालचा सेन्सर समोरासमोर येत नाहीत, फटीतून बाहेरचा उजेड आत शिरतो आणि आकडा ७१, ८८, ७९ असा नाचत राहतो. मग ‘नीट धर, हलू नकोस’ म्हणून मुलालाच रागावलं जातं. खरं तर करंगळी लावून बघावी, खिडकीकडे पाठ करावी किंवा मऊ रबरी प्रोब असलेलं यंत्र घ्यावं. ज्या बाजूला ब्लेलॉक-टॉसिग शंट (हाताच्या धमनीतून फुप्फुसाकडे रक्त नेणारा जोड) केलेला आहे, त्या हाताची नाडी मंद लागू शकते आणि आकडा भरवशाचा येत नाही. दुसरा हात वापरायचा. ही माहिती डिस्चार्ज कार्डावर सापडते. ती मुलालाही माहीत हवी, कारण उद्या शाळेत किंवा वसतिगृहात तोच सांगणार आहे.

किती वेळा मोजायचं? डॉक्टर सांगतील तितकंच. इथे घराघरांत एकच चूक होते: भीती वाटली की मोजलं जातं. आकडा ठीक आला की दहा मिनिटं बरं वाटतं, पुन्हा शंका येते, पुन्हा क्लिप लागते. दर वेळी मिळणारा दिलासा आधीच्यापेक्षा थोडा लवकर ओसरतो. वेळ ठरलेली असली, समजा रविवारी सकाळी दात घासल्यावर, की या चक्राला खाद्य मिळत नाही. आजारपण, प्रवास किंवा ओठ नेहमीपेक्षा निळे दिसणं यांसाठी वेगळा नियम डॉक्टरांकडून घ्या. करोनात घरी करायची सहा मिनिटं चालण्याची चाचणी या मुलांवर स्वतःच्या मनाने अजिबात करू नका.

आता घड्याळ. दोन-तीन हजारांच्या घड्याळावर ‘एसपीओटू’ (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) लिहिलेलं असतं, आणि बारीक अक्षरात वैद्यकीय वापरासाठी नाही असंही. तो आकडा या मुलांसाठी विसरून जा. महागड्या घड्याळांकडे मात्र नीट पाहायला हवं, कारण पालक खर्च करतात तो हृदयाच्या काळजीपोटी. अ‍ॅपल वॉचचंच घ्या. कंपनीच्याच सूचनांनुसार ईसीजी अ‍ॅप २२ वर्षांखालच्यांसाठी नाही. अनियमित ठोक्यांची सूचनाही २२ च्या वरच्यांसाठी आहे. रक्तातल्या ऑक्सिजनचं अ‍ॅप १८ वर्षांखालच्यांना मिळत नाही. तेरा वर्षांच्या पुढे मिळते ती ठोके फार वाढल्याची किंवा फार घटल्याची सूचना. म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलासाठी ज्या सोयींकडे बघून पैसे मोजले, त्यातल्या बहुतेक त्याच्या वयाला लागूच नाहीत. काही घरांत जन्मसाल बदलून त्या चालू करतात. तसं करू नका. तो हिशेब या वयाच्या हृदयावर तपासलेलाच नाही, शिवाय टेट्रालॉजीच्या दुरुस्तीनंतर ईसीजीत राइट बंडल ब्रँच ब्लॉक (हृदयाच्या उजव्या बाजूला विद्युत संदेश उशिरा पोहोचणं) बहुतेकदा दिसतो. अशा आलेखावर घड्याळ ‘निष्कर्ष काढता येत नाही’ असं म्हणू शकतं. डॉक्टरला त्याचं काही वाटत नाही, पण रात्री अकरा वाजता ते वाचणाऱ्या मुलाची झोप उडते.

ठोक्यांच्या सूचनेचा मूळचा आकडा १२० असतो: दहा मिनिटं हालचाल नसताना ठोके त्यावर गेले की मनगटावर थरथर होते. तोंडी परीक्षा, वर्गातलं भाषण, कुणाशी झालेलं भांडण यांत नाडी वाढते, ते नैसर्गिक आहे. घड्याळ थरथरलं की भीती वाटते, भीतीने ठोके आणखी वाढतात. डॉक्टरांनी मुद्दाम ठेवायला सांगितली नसेल तर ही सूचना बंद करा. आयफोनवरच्या वॉच अ‍ॅपमध्ये हार्टच्या पानावर ती बंद होते.

दुसरी कुरबुर व्यायामाच्या आकड्यांची. घड्याळं सर्वसाधारणपणे २२० मधून वय वजा करून कमाल ठोके धरतात आणि त्यावर व्यायामाचे टप्पे आखतात. फाँटन झालेल्या अनेक मुलांचे ठोके मेहनत केली तरी तेवढे वाढत नाहीत. प्रोप्रॅनोलॉलसारखं ठोके कमी ठेवणारं औषध चालू असेल तर मुळीच नाही. मूल घामाघूम होतं आणि घड्याळ म्हणतं, व्यायाम हलका झाला. मित्रांची रिंग (घड्याळावरचं रोजच्या लक्ष्याचं वर्तुळ) पूर्ण, याची अर्धी. याला हिणवणं म्हणतात, मग ते यंत्राने केलेलं का असेना. रोजचं लक्ष्य खाली आणा, तुलना बंद करा. अ‍ॅपल वॉचच्या वॉचओएस ११ या प्रणालीपासून रिंग थांबवूनही ठेवता येते. मेहनतीचं माप म्हणून बोलून बघणं पुरेसं आहे: चालताना पूर्ण वाक्य धाप न लागता बोलता आलं की वेग ठीक.

पेसमेकर असेल तर घड्याळ, फोन आणि चार्जर त्यापासून १५ सेंटीमीटरपेक्षा लांब हवेत, वायरलेस चार्जिंग चालू असताना ३० सेंटीमीटर. लहानपणी बसवलेला पेसमेकर बऱ्याचदा छातीत नसून पोटात असतो. पोटावर हात ठेवून झोपायची सवय असेल तर रात्री घड्याळ काढून ठेवायचं.

आता तो अपवाद. कधीतरी अचानक धडधड सुरू होते, काही मिनिटांत थांबते, आणि २४ तासांच्या होल्टरमध्ये (अंगावर लावून सतत ईसीजी नोंदणारं यंत्र) काहीच सापडत नाही. अशा वेळी डॉक्टर स्वतःच मोठ्या माणसाच्या घड्याळावर ३० सेकंदांचा आलेख काढायला सांगू शकतात. हात टेबलावर टेकवायचा, दुसऱ्या हाताचं बोट बाजूच्या गोल बटणावर हलकेच ठेवायचं, बोलायचं नाही. घड्याळाचा निष्कर्ष वाचत बसू नका, आलेखाची पीडीएफ पाठवा. सोबत लिहा: धडधड एकदम सुरू झाली की हळूहळू, तेव्हा काय चाललं होतं, कशी थांबली. धडधडीबरोबर शुद्ध हरपली, किंवा खेळताना छातीत दुखलं, तर आलेख काढत बसायचं नाही. १०८ लावायचा.

आकडे पाहायचे कुणी? घड्याळाची माहिती आईच्या फोनवर जाईल अशी सोय केलेली असते, आणि ‘आत्ता ठोके १३० कसे? कुठं आहेस?’ असा मेसेज येतो. लहानपणापासून ज्याच्या शरीराकडे सगळे बघत आले, त्याला या वयात थोडा आडोसा लागतो. आमचं स्पष्ट मत आहे की चौदा-पंधराव्या वर्षापासून नोंदी मुलानेच ठेवाव्यात आणि ओपीडीत आपला नेहमीचा आकडा स्वतः सांगावा. मुलांच्या तपासणी-उपचारांचा सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम १८ वर्षांपर्यंतच आहे, त्यानंतर मोठ्यांच्या रांगेत त्याला स्वतःच बोलायचं आहे.

यंत्र कधी कपाटात ठेवायचं? मूल रात्री उठून मोजू लागलं, मोजल्याशिवाय जिना चढेना, पीटीच्या तासाला किंवा सहलीला जायचं टाळू लागलं, तर. ते लपवून ठेवू नका. दिवसाला किती वेळा मोजायचं ते त्याच्याशी बोलून दर आठवड्याला कमी करत जा. दोन आठवड्यांहून जास्त उदासी, चिडचिड, झोप किंवा जेवण बिघडलं असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना हेही सांगा. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ मध्ये जन्मजात हृदयदोषाच्या रुग्णांच्या मानसिक आरोग्यावर स्वतंत्र निवेदन काढलं ते याचसाठी: मनाची विचारपूस हा हृदयाच्या उपचाराचाच भाग आहे. टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. जिवाचं काही बरंवाईट करण्याची भाषा आली तर वाट पाहू नका, त्याला एकटं सोडू नका, थेट रुग्णालयात न्या. मानसोपचारतज्ज्ञांकडे जाताना औषधांची यादी आणि शेवटचा ईसीजी सोबत ठेवा. एसिटॅलोप्रॅमसारखी उदासीवरची काही औषधं ईसीजीतलं क्यूटी अंतर (प्रत्येक ठोक्याचं विद्युतचक्र पूर्ण व्हायला लागणारा वेळ) वाढवतात, म्हणून दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोलूनच गोळी ठरवायची असते.