गोल्डन बॅरल, अगेव्ह, युक्का: सोळा महिन्यांचा हिशेब, आणि कोकोपीटवर जरा जास्तच

ऑनलाइन मागवलेल्या या झाडांबद्दल मी दिवाळीतच लिहायला बसलो होतो. तेव्हा लिहून झालं असतं तर एक स्टार दिला असता, तोही शून्याची सोय नसते म्हणून. आता मार्च उजाडलाय, राग अर्धा निवळलाय आणि अर्धा योग्य जागी गेलाय. त्यामुळे आता लिहितो.

झाडांची फार ओळख करून देत बसत नाही. गोल्डन बॅरल म्हणजे सोनेरी काट्यांचा गोल निवडुंग; अगेव्ह आणि युक्का टोकदार पानांचे; युफोर्बिया निवडुंगासारखाच दिसणारा, पण चिकाचा. माझी ओळख एवढीच, की मी एसटीत तीस वर्षं कंडक्टर होतो. संध्याकाळी डेपोत हिशेब देताना दोन रुपये कमी भरले तर जेवण गोड लागायचं नाही. गाव दारव्ह्याकडचं, जिल्हा यवतमाळ. घरापुढे तीन गुंठे मोकळं अंगण, तोंड पश्चिमेला, सावली नावाला नाही. विहीर एप्रिलमध्ये अर्धा तास मोटर चालली की धापा टाकते. घरच्यांचा, म्हणजे बायकोचा, मोगरा आणि दोन गुलाब, एवढ्यावरच रोज चार बादल्या जातात. म्हणून वाटलं, पाणी न मागणारी, नुसत्या आकारावर अंगण उभं करणारी झाडं लावावीत. फोनवर मेक्सिकोकडच्या बागा पाहून डोकं फिरलं होतं, हेही कबूल करतो.

मागच्या मागच्या दिवाळीनंतर ऑनलाइन मागवली. दोन गोल्डन बॅरल ७५० प्रमाणे, दोन निळसर अगेव्ह ४८० प्रमाणे, एक युक्का ६२०, एक उंच वाढणारा युफोर्बिया ५४०. कुरिअरचे २८०. एकूण ३,९०० रुपये. नर्सरीचं नाव लिहीत नाही, कारण नंतर कळलं की हा घोळ एकट्या त्यांचा नाही.

खोकं उघडलं तेव्हा मात्र खूश झालो. पॅकिंग एक नंबर. प्रत्येक काट्याला कागद गुंडाळलेला, कुंडीतून मातीचा कण सांडलेला नाही. (सांडेल कशी? माती होतीच कुठे? पण ते पुढे.) शेजारचा पोरगा बघायला आला न् म्हणाला, "काऊन हो काकाजी, पैसे देऊन काटे आनले काय?" घरच्यांचं म्हणणं वेगळं, "दारात साबर कोन लावते? तिकडं कुंपनाकडं लावा." तिकडंच लावली.

आमची जमीन भारी काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीत ही झाडं टिकत नाहीत, एवढं वाचलं होतं. म्हणून एक ब्रास मुरूम टाकून दीड फूट उंचवटा केला. मुरूम शेवटी कमी पडला आणि आणखी अर्ध्या ट्रॉलीचे पैसे द्यायचं जिवावर आलं, म्हणून युक्का तेवढा कडेला सपाट काळ्या मातीत लावला. जुलै संपायच्या आत तो बुडापासून मऊ होऊन आडवा झाला. त्याचे ६२० माझ्या खात्यात, नर्सरीच्या नाही.

पहिला धक्का पावसाचा नव्हता, उन्हाचा होता. कुंडीच्या चिठ्ठीवर 'फुल सन' लिहिलेलं. आता फुल सन कुणाचा? नर्सरीत ही झाडं हिरव्या नेटखाली वाढलेली. आणि आमचा सूर्य एप्रिल-मेमध्ये ४४-४५ ला टेकतो. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात एका बॅरलच्या नैर्ऋत्येकडच्या अंगावर पिवळट पांढरा डाग उठला, भाकरीएवढा, हात लावला तर कागदासारखा कोरडा. तो डाग जात नाही. झाड वाढेल तसा खाली सरकेल, एवढंच. मग तुऱ्हाट्यांची ताटी करून पश्चिमेच्या बाजूला उभी केली. खर्च शून्य. पुढच्या माणसासाठी सांगतो: मार्चमध्ये लावूच नका, हिवाळ्यात लावा. आणि ऊन वाढायच्या आधी महिनाभर हळूहळू सवय करा. कुंडीतून काढताना कुठली बाजू दक्षिणेला होती तिथं खडूनं खूण करून तशीच लावली तर आणखी बरं.

मेमध्ये पाणी फार दिलं नाही. ही झाडं आपली तोंडं (अंगावरची बारीक छिद्रं) रात्री उघडतात, दिवसा बंद ठेवतात, म्हणून तर पाण्याविना जगतात. पण आमच्याकडे मेच्या रात्रीही पंख्याखाली घाम निथळतो. तशा रात्री झाड काही करत नाही, नुसतं थांबून राहतं. थांबलेल्याला पाणी पाजलं तर ते पोटात सडतं. इतकं मला तेव्हाही कळत होतं. म्हणूनच पुढे जे झालं त्याचा राग आला.

ऑगस्टमध्ये पाच-सहा दिवस पावसानं उघडीप दिली. सकाळी उंचवट्याकडे गेलो, तर न भाजलेला बॅरल, म्हणजे दोघांतला चांगला, जरा कललेला दिसला. चपलेच्या टोकानं सरळ करायला गेलो न् तो लोळला. काटे तसेच सोनेरी, वरून एक डाग नाही. खालून पिकून फुटलेल्या टरबुजासारखा, तपकिरी पाणी, वास असा की मुंग्यासुद्धा लांबून जात होत्या.

आता मुद्द्यावर येतो. मुरूम कोरडा होता. बोटभर उकरला तरी ओल लागेना. आणि त्या कोरड्या मुरमाच्या मधोमध मुळांभोवती कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचा, गोळा होता, कुंडीच्या आकाराचा, जसाच्या तसा. नऊ महिन्यांत एक मूळ त्याच्या बाहेर गेलेलं नाही. त्याच्याभोवती बारीक जाळीही तशीच. मूठभर उपटून पिळला, तर चहाच्या कपात अर्धा कप पाणी निघालं. खोटं नाही, कप आणून मोजलं. म्हणजे मी १,२०० रुपयांचा मुरूम टाकून उंचवटा केला आणि त्याच्या पोटात एक ओला स्पंज पुरून ठेवला. पाऊस थांबला तरी झाडाचे पाय पाण्यातच.

नर्सरीला फोटो पाठवले. उत्तर आलं, "सर, ओव्हरवॉटरिंग झालं आहे." मी कळवलं, जून अर्धा संपल्यापासून माझ्या हातून त्याला एक पेलाही पाणी गेलेलं नाही. उत्तर, "सर, माती बदलली का?" मी म्हटलं, बदलायची होती तर तुम्ही सांगायचं ना. चिठ्ठीवर 'फुल सन' लिहायला जागा आहे, 'कोकोपीट काढून लावा' लिहायला नाही? मग आठ दिवस गप्प. नंतर पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट. म्हणजे ७५० परत मिळवायला मी ७,५०० चे काटे घ्यायचे. असा हिशेब करणारा प्रवासी मी तीस वर्षांत पाहिला नाही.

त्यांचंही थोडं खरं आहे, हे मला नंतर पटलं. कोकोपीट हलकं असतं, कुरिअर वजनावर लागतं, आणि नर्सरीत रोज पाणी द्यायला माणूस असतो. त्यांच्या नेटखाली ते ठीकच. पण आमच्याकडे पावसाळा म्हणजे चार महिन्यांत ९०० मिलिमीटरच्या घरात. या निवडुंगांची नातलग मंडळी राहतात त्या अ‍ॅरिझोनातल्या टक्सनला वर्षभरात मिळून साधारण ३०० पडतो. आणि गंमत बघा, हा गोल्डन बॅरल मुळात मेक्सिकोच्या केरेतारोकडचा. त्याच्या राहत्या जागेचा मोठा भाग १९९० च्या दशकात तिथल्या सिमापान धरणात बुडाला. बुडणं याच्या नशिबातच दिसतं. आमच्याकडे धरणात गेलेल्या गावांची माणसं आहेत, त्यांना हे सांगितलं तर हसली नाहीत.

तो ओला गोळा मी रागानं कंपाउंडच्या भिंतीवर ठेवला. तीन दिवसांत वाळून खारकेसारखा झाला. मग सहज बादलीत टाकून पाहिला, तर तरंगत राहिला. चांगला तासभर. वरून पाणी ओतलं तर बाजूनं ओघळून गेलं. म्हणजे पावसाळ्यात सोडत नाही आणि उन्हाळ्यात घेत नाही. एप्रिलमध्ये मी दोन-तीनदा पाणी दिलं होतं ते मुळाला लागलंच नसणार, मुरमातून खाली गेलं असणार. तेव्हा कुठं कळलं की भाजलेला डागही नुसत्या उन्हाचा नव्हता.

सप्टेंबरमध्ये उरलेली चारही झाडं उपटली. इथून माझं मत बदलायला सुरुवात झाली. बादलीत मुळं बुडवून कोकोपीट बोटानं सोडवलं, जाळी कात्रीनं कापली, तपकिरी मुळं छाटली. युफोर्बियाचं मूळ छाटताना पांढरा चीक मनगटावर उडाला. त्या हातानं डोळा चोळला असता तर दवाखानाच होता, म्हणून हे काम हातमोजे घालूनच करा. आठ दिवस ओसरीत सावलीला उघडी ठेवली. मग मुरूम, खडीची चुरी आणि पाटीभर जुनं कुजलेलं शेणखत, यातच परत लावली. आठवडाभर पाणी नाही. भाजका बॅरल मरणार असं धरूनच चाललो होतो.

नोव्हेंबरमध्ये त्याच्या डोक्यावर पिवळ्या लोकरीत नवे काटे दिसले. इवलेसे, ओल्या मधाच्या रंगाचे, चष्मा लावून पाहावे लागतात असे. मी रोज सकाळी चहा घेऊन तिथं जातो, त्याला घरात नाव पडलंय, ते इथं सांगत नाही. युफोर्बिया वीतभर वाढला. दोन्ही अगेव्हनी नवी पानं काढली. संध्याकाळचं ऊन त्यांच्यावर तिरपं येतं तेव्हा सावल्या भिंतीवर अशा पडतात की रस्त्यानं जाणारा ट्रॅक्टर थांबतो. रोही (नीलगायी) कुंपणावरून पुढच्या तुरीत जातात पण यांना तोंड लावत नाहीत, हा फायदा कुठल्या चिठ्ठीवर लिहिलेला नव्हता. रानडुकरानं एकदा मुरूम उकरला, झाडं सोडली. नातू आला तेव्हा अगेव्हच्या प्रत्येक पानाचं टोक नेलकटरनं दोन-तीन मिलिमीटर उडवलं. पानाला काही होत नाही आणि डोळ्याची धास्ती जाते.

राहिला अगेव्हचा हिशेब, आणि इथं मी हरलो. जानेवारीत बायको शेतावरून आली, पोत्यात तीन पिल्लं घेऊन. "हे घ्या तुमचं मेक्सिको. आपल्या धुऱ्यावर हेच तर हाये नं." बांधावरची घायपात. अगेव्ह म्हणजे घायपातच, हे मला माहीत होतं की नव्हतं? होतं. माझे बाबा हिचीच पानं कुजवून दोर वळायचे, हाताला खाज सुटायची म्हणून आम्हाला जवळ येऊ द्यायचे नाहीत. पण स्क्रीनवर 'अगेव्ह' वाचलं की तिची किंमत ४८० वाटली. ती तीन पिल्लं कुंपणाच्या उतारावर नुसती मुळं दाबून लावली, अंगाला कोकोपीटचा धागा नाही. दोन महिन्यांत तिघांनीही नवी पानं काढली. माझ्या ४८० वाल्यांना इतकं व्हायला वर्ष लागलं.

म्हणून आता असं: गोल्डन बॅरलला चार स्टार, लावायच्या आधी मुळं धुणार असाल तरच. युफोर्बियाला चार. युक्काला काही देत नाही, तो माझ्या कंजूषपणानं गेला. विकतच्या अगेव्हला दोन, धुऱ्यावरच्या घायपातीला पाच. नर्सरीच्या पॅकिंगला पाच, बाकी नर्सरीला दीड.

भिंतीवरचा तो कोकोपीटचा गोळा मी येणाऱ्या-जाणाऱ्याला पुरावा म्हणून दाखवायचो. परवा पाहिला तर जागेवर नाही. घरच्यांनी फोडून मोगऱ्याच्या कुंडीत घातलाय, म्हणतात ओल धरून राहते, आता दोनच बादल्या लागतात. मोगऱ्याला कळ्याही धरल्यात.